अंदाज आधी वहीत

आनुवंशिकी शिकवताना पहिली अडचण येते ती वेळेची. विषय पिढ्यांचा आणि सत्र जेमतेम चार महिन्यांचं. मेंडेलने वाटाण्याच्या वाफ्यांत आठ वर्षं काढली आणि १८६६ साली निबंध छापला. आम्हाला त्यातून मिळालेलं गुणोत्तर एका दुपारच्या प्रात्यक्षिकात मुलांपुढे ठेवायचं असतं. त्यावर सिम्युलेशन हा उपाय आहे, हे आता कुणीही सांगेल. संगणक थोडे, जुने आणि विजेच्या भरवशावर असतील तर तो उपाय वापरायचा कसा, हे मात्र मला वर्गात उभं राहूनच शिकावं लागलं. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून मी छत्रपती संभाजीनगरात बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते आहे. त्या वर्षांतलं काही इथे लिहिते.

प्रात्यक्षिकातला मूळ प्राणी फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला. १९१० मध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना कोलंबिया विद्यापीठातल्या बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा तिथून उभा राहत गेला. ही माशी पाळायला फार काही लागत नाही. रवा, गूळ, आगर आणि यीस्टचं खाद्य शिजवायचं, गरम असतानाच बाटल्यांत ओतायचं, वर कापसाचा बोळा लावायचा. आमच्या प्रयोगशाळेतले मामा हे काम इतक्या निगुतीनं करत की गुळाचा वास व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. पंचवीस अंशांना अंड्यापासून माशी व्हायला दहा-बारा दिवस लागतात. खरी गोची तापमानाचीच. आमचं दुसरं सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगात येतं आणि तेव्हाच मराठवाड्यात पारा चढू लागतो. तिशीच्या वर गेलं की नर वांझ होऊ लागतात, अळ्या मरतात, बाटलीत उरते बुरशी. इन्क्युबेटर आहे, पण भारनियमनाच्या वर्षांत त्याचा काय उपयोग होणार? पहिल्या पिढीच्या माश्या मिळायच्या आणि दुसरी पिढी, जिच्यात सगळा धडा असतो, ती बाटलीतच संपायची.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते थांबवलं. बेडूक आणि झुरळाच्या ट्रेमागे जाणारे तास मोकळे झाले. त्या तासांत काय करायचं, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागाला पडला होता. मला तरी त्याचं उत्तर समोर दिसत होतं.

सॉफ्टवेअर तोवर जगात पुष्कळ झाली होती. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट देशार्ने यांनी नव्वदच्या दशकातच फ्लायलॅब उभी केली होती. पडद्यावर दोन माश्या निवडायच्या, डोळ्यांचा रंग, पंखांचा आकार ठरवायचा आणि संकर करायचा. क्षणात हजार पिल्लांची मोजणी समोर. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जो फेल्झेनस्टाइन यांचा पॉपजी हा आणखी साधा प्रोग्रॅम. एक जनुक, त्याची दोन रूपं, प्राण्यांचे काही गट, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जनुकाची वारंवारता कशी हलते याच्या रेघा. तो इतका हलका आहे की आमच्या सर्वांत जुन्या यंत्रावरही अडला नाही. लोकसंख्या-आनुवंशिकीचं गणित मुळात हलकंच आहे. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये ते कागदावर मांडलं होतं. मोठ्या यंत्राची गरज चित्रांना लागते, गणिताला नाही. म्हणून महागडी सॉफ्टवेअर घ्यायचा प्रस्ताव विभागात येई तेव्हा मी दरवेळी सांगत आले की हे पैसे यूपीएसच्या बॅटऱ्यांना द्या.

संगणक-कक्ष आम्हाला वाणिज्य विभागाबरोबर वाटून मिळायचा. चालू स्थितीतली यंत्रं इतकीच, की एका पडद्यापुढे पाच-पाच जण बसत. काचेचे खोलगट मॉनिटर, कळांवरची अक्षरं पुसलेले कीबोर्ड, आणि पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस. पुढे बऱ्याच यंत्रांवर लिनक्स टाकून घेतलं आणि ती कटकट संपली. इंग्रजीची अडचण मात्र त्यानं सुटत नव्हती. पॉपजीच्या खिडकीत रकाने असतात पॉप्युलेशन साइझ, फिटनेस, मायग्रेशन, म्युटेशन. सिल्लोड-कन्नडकडून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी तिथे थबकते आणि माउस शेजारच्याला देते. मी एका पुठ्ठ्यावर त्या खिडकीचं चित्र काढलं, प्रत्येक रकान्यापुढे त्याचा अर्थ मराठीत लिहिला आणि पुठ्ठे मॉनिटरच्या बाजूला चिकटवले. ‘फिटनेस’पुढे लिहिलं होतं : या प्रकारच्या शंभरांतले किती जगून पिल्लं देतात ते.

पाच जणांत एक माउस, तर तो कोणाच्या हातात राहतो? ज्याचा एमएस-सीआयटी झालेला आहे त्याच्या. बाकीचे चौघे पाहतात आणि शेवटी आकडे उतरवून घेतात. सुरुवातीच्या वर्षांत मी पाहिलं की आकडे सगळ्यांच्या वहीत असत आणि आनुवंशिकी एखाद्याच्याच डोक्यात. तेव्हापासून एक नियम पाळला. कळ दाबण्याआधी पाचही जणांनी आपापल्या वहीत अंदाज लिहायचा, आकडा किंवा रेघ काढून, पेनने. पाचही अंदाज झाल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. माउस हजेरी क्रमांकाप्रमाणे फिरणार. आणि ज्याचा अंदाज उत्तरापासून सर्वांत दूर पडला त्याने का, ते गटाला सांगायचं; हरला म्हणून नव्हे, त्याच्याच वहीत शिकण्यासारखं काहीतरी असतं म्हणून.

या नियमाने यंत्रांचा तुटवडा फारसा जाणवेनासा झाला. तासातला बराच वेळ वहीत आणि वादात जाऊ लागला, यंत्र लागायचं शेवटच्या काही मिनिटांना. एक गट अंदाजावर भांडत असताना दुसरा तेच यंत्र वापरून मोकळा व्हायचा.

पांढऱ्या डोळ्यांच्या संकरातली गोष्ट सांगते. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर असा संकर दिला होता. बहुतेकांनी अंदाज लिहिला, सगळी पिल्लं लाल. लाल प्रभावी आहे, मागच्या आठवड्यात उलट्या संकरात तसंच आलं होतं. पडद्यावर आलं ते असं : माद्या सगळ्या लाल, नर सगळे पांढरे. एका मुलीने मात्र वहीत हेच लिहिलं होतं. तिला उभं केलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो ना, बापाकडून त्याला मिळतो वाय. मग आईचा पांढरा त्याच्याकडे जाणारच, झाकायला दुसरा एक्स नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘म्हणजे मुलगा की मुलगी हेही बापाकडून काय आलं त्यावर. हे आमच्या घरी येऊन सांगा.’’ माश्यांच्या तासात मला तो विषय काढायचा नव्हता. तो निघाला आणि उरलेला तास त्यातच गेला, आणि तसा तो जायलाच हवा होता.

भारनियमनाच्या काळातली एक दुपार माझ्या शिकवण्याला वळण देणारी ठरली. जनुकीय विचलन हा विषय होता : गट लहान असेल तर कुठलीही निवड नसताना, निव्वळ योगायोगाने, जनुकाचं एक रूप पुसलं जातं. मुलं अंदाज लिहून बसली होती. बहुतेकांच्या वहीत सरळ आडवी रेघ, कारण निवड नाही तर बदल का व्हावा? नेमकी वीज गेली. यूपीएसने शिट्ट्या मारल्या आणि तोही थंड झाला. मामांनी कुठून तरी चिंचोके आणून दिले. निम्म्यांना चुना लावला, निम्मे तसेच ठेवले. दहा चिंचोक्यांची पिशवी ही पहिली पिढी. न बघता एक काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा. असं दहादा केलं की दुसऱ्या पिढीतले चुन्याचे किती ते कळतं, त्या प्रमाणात पिशवी नव्यानं भरायची. प्रत्येक गटाने पिढीमागून पिढी काढली आणि मी फळ्यावर प्रत्येकाची रेघ ओढत गेले. एका गटाचे चुन्याचे चिंचोके लवकरच संपले. दुसऱ्या गटाची पूर्ण पिशवी पांढरी झाली. तिसऱ्याची रेघ पाचाच्या आसपास वरखाली होत राहिली. पांढरे संपलेल्या गटातला एक मुलगा पुढच्या पिढीसाठी पुन्हा पिशवीत हात घालू लागला तेव्हा त्याच्याच शेजारणीने तो धरला : ‘‘आता काय काढतोस? गेले ना ते.’’

वीज आली तेव्हा पॉपजीत तेच आकडे भरले. दहा गटांच्या दहा रेघा, आणि फळ्यावर जे होतं तेच पडद्यावर. पॉपजीत एक निळी रेघही असते, अमर्याद मोठ्या गटाची. ती शांत आडवी. वर्गाने वहीत काढलेली रेघ हीच होती. त्यांचा अंदाज खोटा नव्हता, तो अमर्याद गटाचा होता. तेव्हापासून मी वीज असली तरी चिंचोके आधी काढते. यंत्र आत काय करतं ते हाताने एकदा केलं नाही, तर मुलं पडद्यावरच्या रेघेवर ती सिनेमा बघतात तसा विश्वास ठेवतात.

याच विषयावर पीटर ब्युरी यांचा १९५६ मधला प्रयोग मी नेहमी सांगते. त्यांनी ड्रोसोफिलाच्या १०७ बाटल्या ठेवल्या, प्रत्येकीत दर पिढीला आठ नर, आठ माद्या. १९ पिढ्यांनंतर निम्म्याहून जास्त बाटल्यांत डोळ्यांच्या जनुकाचं एक ना एक रूप पूर्ण नाहीसं झालेलं होतं. पण मुलांना हे जवळचं वाटलं ते गुरांमुळे. लातूरकडची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या गायी. गावात पन्नास गायी आणि एकच वळू असेल तर आनुवंशिकीच्या हिशेबाने तो कळप किती मोठा? नर-माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि एकूण संख्येने भागायचं. चार गुणिले एक गुणिले पन्नास, भागिले एक्कावन्न : उत्तर चारही भरत नाही. पन्नास गायी दिसतात, पण विचलनाच्या दृष्टीने तो चार जनावरांचा कळप. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा उदगीरकडचा एक मुलगा म्हणाला, ‘‘आमच्याकडं तर दोन गावांत मिळून एकच वळू हाय.’’ त्याच्या गटाने पॉपजीत चाराचा आकडा भरून पाहिला. रेघा दोन-चार पिढ्यांतच वर किंवा खाली चिकटायला लागल्या.

आता जरा अवघड गोष्ट. अंदाज आधी लिहायचा म्हटल्यावर मुलांना तो खरा ठरवायचा मोह होतो. सिम्युलेशनमध्ये पुन्हा चालवणं फुकट असतं. नऊ-तीन-तीन-एक हे गुणोत्तर यायला हवं, पहिल्या वेळी जरा वेडंवाकडं आलं, की पुन्हा कळ दाब, पुन्हा दाब, आणि सुबक आकडे आले की ते वहीत लाव. हे मी कितीतरी वह्यांत पाहिलं. सगळ्यांचे आकडे असे काही जुळलेले की तेवढ्यावरूनच संशय यावा. मेंडेलच्या आकड्यांबद्दलही सांख्यिकीतज्ज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३६ मध्ये हाच प्रश्न विचारला होता : हे जुळणं जरा जास्तच नाही का? मेंडेलच्या दोन गुणांच्या प्रयोगात ५५६ दाणे होते : ३१५, १०८, १०१ आणि ३२. अपेक्षेपासूनचं अंतर मोजणारं त्यांचं काय-वर्ग मूल्य येतं ०.४७, आणि गुणोत्तर फेटाळायची मर्यादा आहे ७.८१५. मेंडेलचं ते मूल्य वर्गात काढून दाखवलं आणि त्यानंतर सांगितलं : पहिला निकाल, जसा येईल तसा, वहीत चिकटवायचा. दुसरा हवा असेल तर त्याच्या खाली, पहिल्याला न खोडता. सगळ्या गटांचे पहिले निकाल फळ्यावर एकत्र केले की पसारा दिसतो आणि त्या पसाऱ्याच्या मध्यावर नऊ-तीन-तीन-एक दिसतं. एका यंत्रावर एकट्यानं बसलेल्या मुलाला हे दिसणार नाही. पाच जणांत एक संगणक आणि सगळ्या वर्गाला एक फळा, ही आमची गरिबी होती खरी. पण आनुवंशिकीतली अनिश्चितता शिकवायला याहून चांगली मांडणी मला अजून सापडलेली नाही.

मग ब्राउझर बदलले. २०१५ मध्ये क्रोमने जावा अॅप्लेटचा आधार काढला, २०१७ मध्ये फायरफॉक्सने, आणि २०२० संपताना फ्लॅश बंद झालं. वर्षानुवर्षं जमवलेली कितीतरी सिम्युलेशन एकेक करून उघडेनाशी झाली. पॉपजी टिकला, कारण तो ब्राउझरवर अवलंबून नव्हता. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाने आपली सिम्युलेशन नव्या पद्धतीने बांधली, त्यांतली अनेक मराठीतही आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्जही कामाला आल्या, जिथे जोडणी होती तिथे. पण माझ्या वर्गापुरतं मी ठरवलं, जे दुसऱ्याच्या मर्जीने बंद पडू शकतं त्यावर अभ्यासक्रम उभा करायचा नाही. स्प्रेडशीटकडे वळले. लिबरऑफिस फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतं, त्यातल्या यादृच्छिक संख्येच्या सूत्राने चिंचोक्यांचा खेळ मांडता येतो, आणि एफ-९ दाबलं की नवी पिढी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सूत्र उघडं असतं. रकान्यावर टिचकी मारली की कळतं, हा आकडा कुठून आला.

स्प्रेडशीटमुळेच कपाशी वर्गात आली, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या शिकवण्यातलं सर्वांत मोलाचं प्रात्यक्षिक हेच.

देशात बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीजी-२ आली २००६ मध्ये. हे बियाणं आमच्यापासून तासा-दीड तासावरच्या जालन्यात रुजलं, माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कपाशी. ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं, शेताच्या कडेने लावायला. त्या कडेच्या झाडांवर साध्या बोंडअळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीवर जगलेल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाशी जुळावेत, म्हणजे प्रतिकाराचं जनुक एकेकट्या प्रतीत अडकून राहील, ही त्यामागची आनुवंशिकी. मुलांना विचारलं, पाकिटाचं काय करता? उत्तर सगळीकडून एकच : टाकून देतो. ‘‘त्या झाडाला अळी पडती मॅडम, मग लावायचं कशाला?’’ शेतकऱ्याच्या जागेवरून हे बरोबरच आहे. त्याला अळी दिसते. जनुक दिसत नाही.

मग तक्ता मांडला. प्रतिकाराचं जनुक अप्रभावी धरलं, सुरुवातीची वारंवारता हजारात एक. बीटीवर फक्त दोन्ही प्रती असलेली अळी जगते, बिगर-बीटीवर सगळ्या. पहिल्या स्तंभात पिढी, दुसऱ्यात वारंवारता, तिसऱ्यात पुढच्या पिढीची वारंवारता, आणि वर एकाच चौकटीत बिगर-बीटीचा वाटा. सूत्र मुलांनीच पन्नेटच्या चौकटीवरून काढलं. अंदाज वहीत झाले. वाटा २० टक्के ठेवला तर जनुक निम्म्यावर पोचायला साधारण अडीचशे पिढ्या लागतात. ५ टक्के ठेवला तर पन्नासच्या जरा वर. २ टक्के ठेवला तर एकवीस-बावीस. अंदाजांत बहुतेकांनी लिहिलं होतं की दहापट कमी लावलं तर थोडं लवकर होईल. ‘थोडं’ हा शब्द त्यांनी स्वतःच खोडला.

हंगामात अळीच्या चार पिढ्या धरू या, मी म्हटलं. म्हणजे वीस टक्क्यांना साठ वर्षं, दोन टक्क्यांना पाच. इथे फुलंब्रीकडचा एक मुलगा, जो एरवी मागच्या बाकावर गप्प असायचा, उठून म्हणाला, ‘‘चार नाही मॅडम. आम्ही फरदड ठेवतो, मार्चपर्यंत. पाणी दिलं की पुन्हा बोंडं येतात. तेवढा वेळ अळी पण राहणार ना? सहा तरी धरा.’’ त्याने पुढे येऊन चारच्या जागी सहा भरला. पाचाची साडेतीन वर्षं झाली. एवढी वर्षं मुलं सॉफ्टवेअरने दिलेल्या चौकटीत आकडे भरत होती; त्या दिवशी एकाने चौकटच तपासली. सिम्युलेशनमधलं प्रत्येक गृहीतक कुणाच्या तरी शेतात जाऊन बघावं लागतं, हे त्याने वर्गाला दाखवलं. लगेच दुसरीने विचारलं, मग हिरव्या बोंडअळीचं असं का झालं नाही? उत्तर तिच्या शेतातच होतं : हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर जगते, तिला आसरा आपोआप मिळतो. गुलाबी बोंडअळीचा संसार जवळजवळ कपाशीवरच.

आमचा तक्ता खऱ्या इतिहासाशी वर्षावर्ष जुळत नाही, जुळायचं कारणही नाही. बीजी-२मध्ये दोन जनुकं आहेत आणि शेतं एकसारखी नसतात. पण दिशा तीच. एका जनुकाच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातेत २००९ च्या हंगामात दिसलं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बीजी-२च्या कपाशीचीही बोंडं किडली. त्या वर्षीच्या मुलांना मला हा तक्ता समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या घरी डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या कळ्या, आलेल्या होत्या.

माणसांच्या आनुवंशिकीवर येताना फार जपावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे अनेक समाजांत चालत आलेली रीत. स्प्रेडशीटमध्ये मी दोन स्तंभ मांडते. एखाद्या अप्रभावी विकाराचं जनुक शंभरात एक असेल, तर परक्या जोडप्यांत दहा हजारांत एक मूल बाधित. आते-मामे भावंडांच्या जोडप्यांत सुमारे सात. एका मुलीने विचारलं, ‘‘माझे आईवडील असेच आहेत. मग त्यांचं चुकलं का?’’ मी तिला दोन्ही स्तंभ पुन्हा वाचायला लावले : सातपट हेही खरं आणि दहा हजारांतली ९,९९३ मुलं निरोगी हेही खरं. तक्ता दहा हजार घरांबद्दल बोलतो, एका घराबद्दल नाही. एका घरासाठी डॉक्टर आणि रक्ततपासणी आहे. सिकलसेलचं उदाहरणही मी याच तासाला घेते, कारण तिथे वाहक ओळखणारी तपासणी उपलब्ध आहे आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. त्या मुलीने पुढे स्वतःच्या गावच्या आशाताईंना वाहक म्हणजे काय ते समजावून सांगितलं, असं तिच्याकडूनच कळलं.

टाळेबंदीत संगणक-कक्षाला कुलूप लागलं. घरात एक फोन, तोही वडिलांबरोबर शेतात गेलेला. त्या वर्षी स्प्रेडशीट फोनवर पाठवली, पण वर्ग चालला तो चिंचोक्यांवर आणि वहीवर.

आता कक्षात सपाट पडदे आहेत, वीजही पूर्वीसारखी जात नाही, काही मुलांकडे स्वतःचे लॅपटॉप असतात. तरी मी एका पडद्यापुढे चार-पाच जणांनाच बसवते. नवीन सहकारी विचारतात, यंत्रं आहेत तर एकेकट्याला का देत नाही? मी त्यांना दोन तासांना बसायला बोलावते, एक एकेकट्यांचा आणि एक गटाचा. त्यानंतर कुणी पुन्हा विचारलेलं नाही.

अलीकडच्या काही हंगामांपासून बिगर-बीटीचं बी थैलीतच मिसळून येऊ लागलं आहे, म्हणजे पाकिटाचा प्रश्न शेतकऱ्याच्या हातातून गेला. फरदडीचा प्रश्न मात्र अजून त्याच्याच हातात आहे. कपाशी डिसेंबरअखेर उपटावी, असं कृषी विद्यापीठं सांगत आली आहेत, आणि घरोघरी तो निर्णय त्याच सुमारास होतो. म्हणून मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या आनुवंशिकी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे : बोंडअळीचा तक्ता नोव्हेंबरात घ्या. तीन स्तंभ आणि एक सूत्र, तासाभराचं काम आहे, कुठल्याही जुन्या यंत्रावर होतं. मुलांना त्याची छापील प्रत द्या आणि दिवाळीनंतर घरी जाताना ती बरोबर न्यायला सांगा.